सुरतेतले प्राणी आणि त्यांची नावं

सुरतेहून आलो म्हटलं की अमळनेरात लोक आधी साड्यांचा भाव विचारतात आणि मग सुरती घारीची मिठाई आणली का ते विचारतात. मी दोन्हींतलं काही आणलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरतेला गेलो तो धाकट्या बहिणीला प्राण्यांची नावं शिकवायला. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. बहीण मंगला दहावी झाली, तिचं लग्न झालं आणि नवऱ्यामागे ती सुरतेला गेली. तिचे यजमान हिरामणराव पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्याच्या मशीनवर आहेत. आमच्या भागातली अशी कितीतरी माणसं तिकडे आहेत. अलीकडे हिरामणरावांना दम लागायला लागला होता आणि महिन्यातले बरेच दिवस ते खाटेवर काढत. मंगला घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. त्यांना मूल नाही.

एप्रिलच्या शेवटी शाळेत तिचा फोन आला. सुरतेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी परिचर हवा होता, दहावी पास. तिनं अर्ज केला होता आणि बोलावणं आलं होतं. तोंडी परीक्षा होती. बरण्यांतले प्राणी दाखवून नावं विचारणार, अवयव विचारणार.

"दादा, सुट्टी लागली की ये," ती एसटीडी बूथमधून ओरडून बोलत होती. "मला बेडकाच्या आतलं काही म्हणजे काही येत नाही."

नवापूर ते उधना

तापी लाइनच्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खिडकीची दांडी तापते आणि डब्यातली सगळी पाण्याची भांडी नंदुरबारच्या आधीच रिकामी होतात. नवापूरला मात्र खाली उतरून बघावं. ते स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. मी चहा एका राज्यात घेतला आणि कप दुसऱ्या राज्यात टाकला. व्यारा गेलं, बारडोलीचा ऊस गेला, आणि उधन्याला उतरलो तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. आमच्याकडचं ऊन कोरडं असतं, माणूस भाजून निघतो. सुरतेत तो उकडून निघतो.

मंगला आणि हिरामणराव भेस्तानला राहतात. एका ओळीत खोल्या, समोर नाला, आणि नाल्याच्या पाण्याला त्या दिवशी मिलमध्ये चालू असलेला रंग. मी पोहोचलो तेव्हा पाणी जांभळं होतं. हिरामणरावांची नखं मात्र कायमची निळसर. ते खाटेवरून उठू लागले, पण त्यांना खोकला आला आणि ते परत बसले.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "ही तुमची वाट बघून अर्धी झाली."

जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी होती. आपण अमळनेरातच बसलो आहोत असं वाटावं, इतक्यात घरमालकीण जशुबेन आमरसाचं पातेलं घेऊन आल्या. त्या पुढच्या खोल्यांत राहतात. साठीच्या, एकट्या, आणि बोलायला लागल्या की थांबत नाहीत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रसाबरोबर पुरणपोळी असते आणि तो दिवस वर्षाचा लक्षात राहतो. इथे रस रोजचा, वर सुंठ आणि तूप. साखर घालायची की नाही यावर मंगलाचा आणि जशुबेनचा जुना वाद होता, तो त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा घालून घेतला.

निघताना जशुबेननी मला अंगणातली खाट दाखवली. "मास्तर, खाटलामां मांकड छे. जरा जोजो."

मी वर पाहिलं. कडुनिंबावर काही दिसेना. माकड खाटेवर उतरत असेल तर चपला आत ठेवाव्यात एवढाच अर्थ मी घेतला आणि चपला आत ठेवून निर्धास्त झोपलो. सकाळी पाठ सुजली होती. गुजरातीत मांकड म्हणजे ढेकूण. माझा सुरतेतला पहिला शब्द मी असा शिकलो.

दोन भाषांची शिकवणी

माझी कल्पना अशी होती की नेहमीचा धडा घ्यायचा: पृष्ठवंशी, अपृष्ठवंशी, मग पृष्ठवंशीयांचे पाच वर्ग. मंगलाचं डोकं पूर्वीपासून चांगलं होतं. पण पहिल्याच सकाळी लक्षात आलं की परीक्षा गुजरातीत होणार आणि मला गुजराती येत नाही. मंगलाला बाजारापुरती आणि बसपुरती येत होती. पालीच्या शेपटीपुरती येत नव्हती.

म्हणून जशुबेनना बोलावलं. त्या टिकल्यांचं ताट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. मी चित्र काढायचं, मराठी नाव सांगायचं, त्यांनी गुजराती सांगायचं.

"पाल," मी म्हणालो.

"गरोळी."

"बेडूक."

"देडको."

"मुंगी."

"कीडी."

"खार."

"खिसकोली," जशुबेन म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "मास्तर, तमे बोलो जोईए." मी बोललो. शेजारच्या दोन खोल्यांतल्या बायका मला ऐकायला दाराशी आल्या.

झुरळ म्हणजे वंदो. कोळी म्हणजे करोळियो. गांडूळ म्हणजे अळसियुं. गोगलगाय मात्र गोकळगाय, जवळजवळ आपलीच. मी पाठीचा कणा काढला तेव्हा जशुबेन म्हणाल्या, "करोड."

मंगलानं मान वर केली. "करोड म्हणजे पैसे ना?"

"पैसा पण करोड, ने आ पण करोड," जशुबेननी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "मारी पासे आ एक ज छे."

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती इतक्या वर्षांत वर्गात कधी आली नव्हती. मोठमोठे शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. सस्तन, सरीसृप, जठर, यकृत, मूत्रपिंड यांना सीमा ओलांडायला काही लागत नाही, कारण ते कोणाच्याच घरचे नाहीत. वेगळे आहेत ते घरातले शब्द. पाल, मुंगी, ढेकूण, म्हणजे ज्यांच्याशी आपला रोजचा संबंध येतो ते. मंगलाला मोठे शब्द पाठ झाले. लहान शब्दांनी तिला थकवलं.

फुप्फुसाचा धडा आला तेव्हा हिरामणराव खाटेवर कुशीवर झोपलेले होते. मी दोन पिशव्या काढल्या, आत फांद्या काढल्या, हवा कुठून कुठे जाते ते सांगितलं. "फेफसां," जशुबेन म्हणाल्या.

मंगला चित्राकडे बघत होती. "रंगाची वाफ जाते ती इथवर जाते?"

"जाते."

"आणि बाहेर?"

मी म्हणालो, सगळी येत नाही. हिरामणरावांनी डोळे उघडले नाहीत, पण ते झोपलेले नव्हते.

मासळी बाजार आणि डुमस

पुस्तकावरून मासा शिकवता येत नाही, असं माझं मत आहे. म्हणून एका सकाळी मंगलाला घेऊन मासळी बाजारात गेलो. प्लेगच्या धास्तीनंतर सुरत घासूनपुसून काढली होती, त्याची खूण रस्तोरस्ती दिसत होती. बाजारही धुतलेला होता. आमच्याकडे नदीचे चार मासे आणि सुकट, एवढाच व्यवहार. इथे फळ्यांवर समुद्र अंथरलेला होता.

मी एका बाईपुढे उकिडवा बसलो आणि माशाचं गालाजवळचं झाकण बोटानं उचललं. तिनं माझा हात बाजूला केला.

"लेवुं छे के जोवुं छे?"

मंगला पुढे झाली. "भणवुं छे, बेन."

बाई हसली आणि आपल्या भाषेत सांगू लागली, शिकायला आलेलं गिऱ्हाईक तिला आजवर भेटलं नव्हतं. मग तिनं स्वतःच झाकण उचलून आतले लाल पदर पसरून दाखवले. "आ झालर. लाल होय तो ताजुं."

"झालर!" मंगला मला म्हणाली. "आपण परकराला लावतो ती?"

आपण ज्याला कल्ले म्हणतो त्याला तिकडे झालर म्हणतात. मी वीस वर्षं मुलांना कल्ल्यांची रचना समजावतो आहे: पातळ पदर, एकाला एक लागून, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पाणी लागावं. मंगलाला ते एका शब्दात कळलं. चुण्या घातल्या की कापड जास्त लागतं, ती म्हणाली, म्हणून झालर.

आम्ही मासा विकत घेतला नाही. बाईनं त्याबद्दल आम्हाला पाठीमागून ऐकवलं, ते मला समजलं नाही आणि मंगलानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डुमसला गेलो. वाळू काळी, समुद्र गढूळ, आणि लोक समुद्रापेक्षा टोमॅटोच्या भज्यांसाठी आलेले. जाड काप, वर हिरवी चटणी, आत गरम. जीभ भाजली. ओहोटीला खाडीकडच्या चिखलात बोटाएवढे मासे परांवर रेलून चालताना दिसतात. आपल्या कोकणात त्यांना निवट्या म्हणतात, इथे लेवटा. मंगलानं बराच वेळ एकाकडे पाहिलं.

"पाण्यातही राहतो आणि बाहेरही येतो. मग हा उभयचर का नाही?"

मी सांगायला एक पाऊल पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. बाहेर आलो तो एका चपलेनिशी. उत्तर मला बसमध्ये द्यावं लागलं. तो मासाच, कारण त्याला कल्ले आहेत, पर आहेत, बेडकासारखा तो रूप बदलत नाही. चिखलात चालतो ही त्याची सवय आहे. मंगला हो हो म्हणत होती आणि माझ्या अनवाणी पायाकडे बघून हसू दाबत होती.

तबेला

सस्तन प्राण्यांसाठी लांब जायची गरज नव्हती. भेस्तानच्या टोकाला भिखाभाई नावाच्या रबाऱ्याचा, तिकडच्या गवळ्याचा, म्हशींचा तबेला होता. जशुबेन तिथूनच दूध घेत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे सांगायचे, कास दाखवायची, एवढाच माझा बेत होता.

आम्ही गेलो तेव्हा एक म्हैस पहाटेच व्यायली होती. पारडू ओलंच होतं आणि उभं राहायच्या खटपटीत पडत होतं. भिखाभाई, पांढरी मिशी, कानात वाळ्या, म्हशीच्या मागे उभे होते आणि आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"शुं थयुं, भिखाभाई?" मंगलानं विचारलं.

"ओर नथी पडी हजी."

"शुं नथी पडी?"

"ओर, बेन. ओर." त्यांनी म्हशीच्या मागे लोंबणाऱ्या लालसर पडद्याकडे बोट केलं.

मंगला माझ्याकडे वळली. "दादा, ओर म्हणजे काय?"

"वार," मी म्हणालो. "गर्भाशयात पिल्लू असतं ना, त्याला आईकडून रक्तातून अन्न मिळतं ते या वारेतून. नाळेचं एक टोक पिल्लाच्या बेंबीला आणि दुसरं वारेला. बाळंत झालं की वार नंतर पडते. सस्तन प्राण्यांचं हे एक मोठं लक्षण आहे. काही अपवाद..."

मी आणखी पुढे बोलत होतो. ती ऐकत नव्हती. तिनं गोठ्याचा बांबू धरला होता.

"म्हणजे ते 'और' नाही?"

"कुठलं और?"

"हिंदीतलं. और म्हणजे आणखी."

मी नाही म्हणालो. ती जवळच्या विटांच्या ढिगावर बसली. मला वाटलं ऊन लागलं. भिखाभाईंनी तांब्या आणून दिला, तो तिनं तसाच हातात धरला. मग तिनं सांगितलं ते असं.

दहा-बारा वर्षांपूर्वी, तिला सुरतेत येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा दिवस गेले होते. आठवा लागला होता. एके दिवशी टिकल्या लावलेल्या साड्यांचं गाठोडं दुकानात पोचवायचं होतं. हिरामणराव पाळीवर होते. बस आली नाही म्हणून ती गाठोडं डोक्यावर घेऊन भेस्तानहून पांडेसऱ्यापर्यंत चालत गेली. दुसऱ्या सकाळी अंगावरून रक्त जायला लागलं. दुखत काही नव्हतं, नुसतं रक्त. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन केलं, ती वाचली, बाळ वाचलं नाही. एवढं मला माहीत होतं. आई त्या वेळी येऊन राहिली होती.

पुढचं माहीत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर मंगलानं नर्सला विचारलं, काय झालं. नर्स म्हणाली, "ओर आगळ हती, बेन."

तेव्हा तिला गुजरातीचा एकच शब्द येत होता, आणि तो होता आगळ. बसमध्ये कंडक्टर ओरडायचा, आगळ चालो, आगळ चालो. आगळ म्हणजे पुढे. और तिला सिनेमांमुळे येत होता. तिनं दोन शब्द जुळवले. आणखी पुढे. नर्स म्हणते आहे, तू आणखी पुढे गेलीस. जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबली नाहीस, चालत राहिलीस.

"मी कोणाला विचारलंच नाही," मंगला म्हणाली. "विचारायचं काय? मी चालले होते हे मला माहीत होतं."

म्हैस हंबरली. मी एक काटकी घेतली आणि जमिनीवर धूळ सारखी करून गर्भाशय काढलं, फळ्यावर काढतो तसं. तोंड खाली. बाळ आत. मग वार नेहमी कुठे असते ते काढलं, वरच्या बाजूला. ते पुसलं आणि खाली काढलं, तोंडावर, बाळाच्या वाटेत.

"ही अशी होती," मी म्हणालो. "बाळाच्या पुढे. आगळ. ती बाळाच्या आधी सुटायला लागते, म्हणून रक्त जातं."

"चालल्यामुळे खाली सरकली?"

"सरकत नाही. सुरुवातीला जिथं रुजते तिथंच वाढते. तुला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच ती तिथं रुजली असेल."

ती चित्राकडे बघत राहिली. एक म्हैस त्यावर पाय देऊन गेली.

"माले समजनंच नही, दादा," ती अहिराणीत म्हणाली. लग्नानंतर ती माझ्याशी अहिराणीत क्वचितच बोले. "इतला दिन माले समजनंच नही."

मी म्हणालो की मी प्राणिशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, पुस्तकात आहे ते सांगितलं.

"मग डॉक्टरला विचारू," ती म्हणाली आणि उठली.

उधन्याचा दवाखाना

नाशिककडच्या एक बाई उधन्याला दवाखाना चालवतात. मंगलाच्या ओळीतल्या बायका त्यांच्याकडे जातात, कारण मराठीत बोलता येतं. गर्दी होती. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं मला काय होतंय ते विचारलं. मी मला काही होत नाही म्हणालो, तर त्यानं माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं आणि थोडा सरकून बसला.

मंगला मला आत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. जुने कागद काही नव्हते. किती रक्त गेलं, दुखत होतं का, ऑपरेशनचा व्रण कुठे, हे त्यांनी विचारलं.

"कागद नाहीत म्हणून शपथेवर सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुखल्याशिवाय रक्त, आणि नर्स असं म्हणाली, म्हणजे तेच. तुमच्या भावानं बरोबर सांगितलं."

"ते चालण्यानं होत नाही?"

"वार खाली असणं चालण्यानं होत नाही."

"आणि डोक्यावर गाठोडं?"

"त्यानंही नाही."

"मी त्या दिवशी घरी बसले असते तर?"

"तर रक्त कदाचित आणखी चार दिवसांनी गेलं असतं. कळलं नसतं तर बाळ तेव्हाही कठीणच होतं. आणि तुम्हीसुद्धा." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "हे तुम्हाला तेव्हाच कोणीतरी तुमच्या भाषेत सांगायला हवं होतं."

बाहेर आल्यावर मंगलानं लोचो खायचा म्हटलं. हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, वर तेल, शेव, कांदा. तो घडी मोडल्यासारखा बशीत पडतो आणि ज्यानं ढोकळा खाल्ला आहे त्याला वाटतं, हा फसलेला ढोकळा. दोन घास गेले की मत बदलतं. मंगलानं दोन बशा खाल्ल्या.

संध्याकाळी तिनं हिरामणरावांना सांगितलं. भाकरी थापता थापता, त्यांच्याकडे न बघता. मी दाराशी बसलो होतो. तिचं सांगून संपलं.

"माले वाटे," हिरामणराव म्हणाले, "मन्हा कपडास्ना वास."

ते मिलमधून तसेच घरी येत, रंगाच्या, ॲसिडच्या वासाचे कपडे घालून, आणि ती ते कपडे धूत असे. बाळ पोटात असताना ती तो वास घेत होती, म्हणून बाळ गेलं असं त्यांनी धरलं होतं. तेव्हापासून ते कपडे स्वतः धुतात, हे मी पाहिलं होतं. खानदेशी नवरा स्वतःचे कपडे धुतो याचं मी मनात कौतुकही केलं होतं.

मंगलानं तव्यावरची भाकरी उलटली. "तसं काही नसतं," ती म्हणाली. "वार खाली होती."

मुलाखत

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात बरेच उमेदवार होते, बहुतेक पुरुष. मंगला आत गेली आणि मी बाहेर भिंतीवरचा माणसाच्या सांगाड्याचा तक्ता वाचत बसलो. त्यावरचे निम्मे शब्द मला आता येत होते.

ती आली तेव्हा तिचा चेहरा पाहून काही कळेना. रिक्षात बसल्यावर सांगितलं. तीन जण होते, त्यांतल्या एक प्राध्यापिका. आधी बरणीतला बेडूक, तो आला. मग तारामासा.

"त्यांनी विचारलं, याच्या नावात माछली आहे, मग ही माछली आहे का? मी म्हटलं, ना. करोड नथी."

"शाब्बास."

"मग एक कसलं तरी पांढरं, गुंडाळीसारखं. मी म्हटलं, खबर नथी. त्यांनी सांगितलं नाही काय होतं ते."

मग प्राध्यापिका म्हणाल्या होत्या, इथं विच्छेदनासाठी जिवंत बेडूक येतात. "देडका मारवा पडशे. फावशे?"

"तू काय म्हणालीस?"

"हमणां नहीं फावे. शीखवुं पडशे." मंगलानं पदरानं कपाळ पुसलं. "आत्ता जमणार नाही, शिकावं लागेल, हे खरं तेच सांगितलं. एक साहेब हसले. बाई हसल्या नाहीत."

मी इतकी वर्षं वर्गापुढे बेडूक टाचतो आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

दोन दिवसांनी निरोप आला की जूनपासून यावं, आधी हंगामी. जशुबेननी सगळ्या ओळीत सुतरफेणी वाटली. हे लिहीत असताना मंगला कामावर रुजू होऊन महिना झाला आहे. बरण्यांवरची धूळ पुसताना शिंका येतात, बाकी ठीक आहे, असं ती फोनवर म्हणाली. बेडकांचं मी विचारलं नाही.

खाडीकडे

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी, चार वाजल्यानंतर, मंगला हिरामणरावांना म्हणाली, "ती जागा दाखवा."

कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. सदरा घातला. मलाही चला म्हणाले.

बाळाला पुरायला त्यांनी एकट्यानं नेलं होतं. मंगला तेव्हा दवाखान्यातच होती. नंतर तिनं कधी विचारलं नाही, कारण तिला वाटायचं, आपण कोणत्या तोंडानं विचारणार. खाडीच्या अलीकडे मोकळी जागा होती, बाभळी होत्या, हिरामणराव चालता चालता सांगत होते. ते दर थोड्या अंतरावर थांबून श्वास घेत. आम्ही थांबत होतो.

बाभळी नव्हत्या. तिथं पत्र्याच्या शेड होत्या, एकाला एक लागून, आणि आत यंत्रमाग चालू होते. आवाज एवढा की पायाखालची जमीन हलते असं वाटावं. हिरामणराव पुढे गेले, मागे आले, नाल्याचं वळण बघितलं, एका शेडच्या दारासमोर येऊन उभे राहिले.

"इथंच कुठंतरी," ते म्हणाले.

मंगला दारात उभी राहून आत बघू लागली. मागांमधून कापड पुढे सरकत होतं. कोपऱ्यात काही मुली खाली बसून कापडावरचे धागे कापत होत्या. एक कामगार बाहेर आला, उडिया असावा, केसांवर कापसासारखे तंतू.

"किससे मिलना है?"

"कोणालाच नाही," हिरामणराव म्हणाले.

"हमारी लडकी," मंगला त्याच वेळी म्हणाली.

त्यानं तिचंच ऐकलं. "क्या नाम?"

"इंदू."

इंदू हे आमच्या आईचं नाव. ती जाऊन माझ्या या सुरतेच्या फेरीपर्यंत सहा महिनेही झाले नव्हते. मुलगी होती हे मला तिथं कळलं.

कामगार आत गेला. तो मागांमधून वाट काढत कोपऱ्यातल्या मुलींपर्यंत पोचला आणि वाकून एकीच्या कानाशी ओरडून विचारू लागला. तिनं मान हलवली. त्यानं दुसरीला विचारलं. हिरामणराव मंगलाकडे पाहत होते. ती आत पाहत होती. कामगार हात पुसत परत आला.

"इंदू करके कोई नहीं है इधर. बाजूवाले शेड में देखो."

"अच्छा, भाई," मंगला म्हणाली.

ती आणखी थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग आम्ही निघालो. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आवाजामुळे बोलता येत नव्हतं. तिथं आल्यावर हिरामणराव श्वास घ्यायला थांबले, कुंपणाचा खांब धरला.

"नाव चांगलं शे," ते म्हणाले.